गुळवेल : साखरेच्या साखळ्या आणि शरीराची राखण



ऊस विकास विभागाच्या या पानावर बेणे, लागण, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या हेच विषय बहुधा येतात. या वेळी एका वेलीवर लिहितो आहे, त्याला कारण आहे. २०२० साली करोनाची साथ आली आणि आपल्या चांदूर बाजार तालुक्यात निंबाच्या झाडांवरची गुळवेल लोकांनी बुडासकट ओरबाडून नेली. साथ ओसरली, सवय मात्र राहिली. कुणी रोज सकाळी काढा घेतो, कुणी डब्यातली पूड घेतो. त्या डब्यांवर आणि गावात वाटल्या जाणाऱ्या कागदांवर हल्ली एक नवा शब्द दिसतो, पॉलिसॅकराइड. गटाच्या बैठकीत खताचे बोलणे संपले की प्रश्न येतोच. “साहेब, हे पॉलिसॅकराइड म्हंजे काय असते? अन् आपल्या निंबावरच्या गुयवेलीत ते असते काय?”

असते. आणि ते काय असते हे ऊस उत्पादकाला समजावणे सोपे आहे, कारण आपला सारा धंदाच त्या पदार्थाच्या धाकट्या भावावर चालतो.

आपण कारखान्यात जी साखर काढतो तिचा प्रत्येक कण दोन लहान शर्करांच्या जोडीने बनलेला असतो. एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. मोळीला जशा दोनच कांड्या बांधाव्यात तशी ही जोडी. अशा कांड्या शेकड्यांनी, हजारांनी एकाला एक जोडत नेल्या की जी लांब साखळी होते तिला पॉलिसॅकराइड म्हणजे बहुशर्करा म्हणतात. कांडी तीच, जोडणी वेगळी, म्हणून गुण वेगळे. ज्वारीतले पीठ ही ग्लुकोजची साखळी आहे. उसाचे चिपाड म्हणजे बगॅस, त्यातला सेल्युलोज हीही ग्लुकोजचीच साखळी. एकाची भाकर होते आणि दुसरे बॉयलरात जाते, कारण दोन कांड्यांमधला सांधा निराळ्या बाजूने बसवलेला आहे.

या घराण्यातला एक नतद्रष्ट सभासद तुम्हाला चांगला ठाऊक आहे, नाव माहीत नसेल इतकेच. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस उन्हात पडला की तोडलेल्या टोकांतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू आत शिरतात. ते आपली साखर खाऊन तिच्यातल्या ग्लुकोजची चिकट साखळी विणतात. तिला डेक्स्ट्रान म्हणतात. असा ऊस गव्हाणीवर आला की रस घट्ट व बुळबुळीत होतो, गाळणीला वेळ लागतो, पॅनमध्ये दाणा लांबट येतो आणि उतारा पडतो. प्रयोगशाळेत गाळलेल्या रसात अल्कोहोल घातले की डेक्स्ट्रान असेल तर रस धुक्यासारखा गढूळतो, कारण या लांब साखळ्या पाण्यात विरघळतात पण अल्कोहोलात तग धरत नाहीत. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे गुळवेलीच्या काढ्याला लागेल. याच डेक्स्ट्रानचे शुद्ध द्रावण रक्तस्राव झालेल्या रोग्याच्या शिरेत रक्ताचे आकारमान टिकवण्यासाठी देत असत. त्यात एखाद्या रोग्याला एकाएकी घातक ॲलर्जी येई, कारण त्या रोग्याच्या शरीराने ही साखळी आधीच परकी म्हणून ओळखून ठेवलेली असे. साखरेची साखळी पाहून शरीर हुशार होते, ते का, हाच आजचा मुद्दा.

आपल्या शरीरात रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि मांसपेशींत बसलेल्या मोठ्या भक्षक पेशी हे जागले आहेत. वावरातला जागल्या जनावर प्रत्यक्ष दिसेपर्यंत थांबत नाही. पाऊल वाजले, धुऱ्यावरचे कुंपण हलले, की तो उठतो. या पेशींचेही तसेच आहे. बुरशी, यीस्ट आणि जंतू यांची बाहेरची साल बऱ्याच अंशी साखरेच्या साखळ्यांची असते आणि तसल्या साखळ्या माणसाच्या पेशींवर नसतात. म्हणून भक्षक पेशीच्या अंगावर अशा साली चाचपून पाहणारे खुंट असतात. त्यांपैकी टोल नावाच्या खुंटाचे काम १९९६ साली फळमाशीत आणि १९९८ साली उंदरात उलगडले. ते उलगडणारे ज्यूल हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जंतूची साल खुंटाला लागली की पेशी जागी होते, इतरांना हाळी देते, जंतू गिळण्याचा व मारण्याचा तिचा वेग वाढतो. एखाद्या निरुपद्रवी वनस्पतीची साखळी योगायोगाने त्याच खुंटाला बसली तर जंतू नसतानाही जागल्या उठून बसतो. प्रतिकारशक्ती वाढते असे जे म्हणतात त्यातला खरा भाग हा एवढा आहे.

जपानने याचा उपयोग आधी केला. तिथे अळंब्यांपासून काढलेल्या बहुशर्करा, १९७७ पासून क्रेस्टिन आणि १९८५ पासून लेंटिनान, कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून डॉक्टरांच्या हातून दिल्या गेल्या. आपल्या अंगणातल्या कोरफडीच्या गरातही ॲसेमॅनन नावाची अशीच साखळी आहे.

आता गुळवेल. तिला अमृता, गुडूची म्हणतात. मेळघाटाकडून येणारे लोक गिलोय म्हणतात. चरकाने रसायन-चिकित्सेत तिचा स्वरस सांगितला आहे. जुनी माणसे ती जीर्णज्वरात, म्हणजे अंगात मुरलेल्या तापात, देत आली. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानाची. पानावरून मात्र ओळखू नका, तशी पाने आपल्या धुऱ्यावर दुसऱ्याही वेलींना असतात. खोड पाहा. अंगठ्याएवढ्या जाड खोडावरची साल कागदासारखी पातळ, बदामी रंगाची असते आणि नखाने सोलली की खाली हिरवेगार लागते. खोड आडवे कापले तर बंडीच्या चाकाचे आरे असतात तशी नक्षी दिसते. वरून सुतळीसारखी मुळे लोंबतात. चव कडू. तिची एक चुलत बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर ठसठशीत गाठी, फोडासारख्या, ओळीने असतात. ती नको.

निंबावरचीच गुळवेल चांगली, असा आपल्याकडे पक्का समज आहे. ही वेल बांडगुळासारखी परोपजीवी नाही. तिची मुळे तिच्या स्वतःच्या जमिनीत असतात, निंबाचा ती फक्त आधार घेते. तेव्हा निंबाचा रस तिच्यात उतरतो असे मानायला वनस्पतिशास्त्रात जागा नाही. परंतु एका वेगळ्या कारणाने मी स्वतः निंबावरचीच वेल पसंत करीन. संत्र्याच्या बागेच्या कडेची किंवा पऱ्हाटीच्या धुऱ्यावरची वेल फवारणीचा सगळा तुषार अंगावर घेते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तेच विष काढ्याच्या पातेल्यात कशाला न्यायचे? गावठाणातल्या निंबावर निदान फवारा जात नाही.

प्रयोग काय सांगतात ते नीट वाचा, कारण पत्रकवाले त्यातले अर्धेच सांगतात.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात आयुर्वेदातल्या रसायन वनस्पती आधुनिक कसोट्यांवर घासून पाहिल्या. (याच डहाणूकर बाई मराठीत झाडाफुलांवर सुंदर लिहीत.) प्रथम उंदरांवर आणि नंतर रोग्यांवर. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या कामात ३० रोगी होते. कर्करोगाच्या गाठीने पित्ताचा मार्ग बंद होऊन कावीळ झालेले. अशा रोग्याच्या पांढऱ्या पेशी लुळ्या पडतात, जंतू गिळत नाहीत व मारत नाहीत, आणि पित्त बाहेर काढण्याच्या काळातच रक्तात जंतू पसरून तो दगावण्याची भीती असते. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्याला तेच उपचार आणि जोडीला तोंडाने गुळवेलीचा अर्क, वजनाच्या दर किलोला रोज १६ मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या माणसाला एक ग्रॅमहूनही कमी. यकृताचे काम दोन्ही गटांत सारखेच राहिले. फरक पडला तो जागल्यांमध्ये. पांढऱ्या पेशींचे गिळण्याचे व मारण्याचे काम गुळवेल घेतलेल्यांचेच पूर्ववत झाले. जंतुदोष पहिल्या गटात निम्म्या रोग्यांना झाला, दुसऱ्यात एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटातले ४० टक्के रोगी वाचले, दुसऱ्यातले ९२.४ टक्के.

आकडे डोळे दिपवणारे आहेत आणि म्हणूनच दोन गोष्टी बघितल्या पाहिजेत. रोगी तीसच होते. आणि ते सगळे असे होते की ज्यांचे जागले आधीच झोपले होते. उठवायला कुणी झोपलेले हवे ना! ज्याचा जागल्या रात्रभर जागाच आहे त्याच्या कानाशी डफ वाजवून राखण दुप्पट होत नाही. धडधाकट माणसाने रोज गुळवेल प्याल्याने त्याला आजारच होणार नाहीत, हे या प्रयोगातून निघत नाही.

या अर्कात काम करणारा पदार्थ कोणता, याचा एक धागा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सापडला. तिथल्या शास्त्रज्ञांनी वाळलेल्या खोडातून एक बहुशर्करा वेगळी करून १९९९ साली तिची रचना प्रसिद्ध केली. ती अरेबिनोज आणि गॅलॅक्टोज या दोन शर्करांची फांद्या फुटलेली साखळी आहे. तिचा रेणुभार सुमारे २२ लाख निघाला. आपल्या साखरेचा ३४२ आहे. म्हणजे साखरेच्या एका कणाच्या सहा हजार चारशे पट मोठा हा ऐवज. प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या बी-पेशींची वाढ ती करवते असे दिसले. पुढे २००७ साली त्याच केंद्राने दाखवले की ही बहुशर्करा आधी टोचलेले उंदीर जंतूंच्या विषाचा जबर डोस सोसून जगतात. २००९ मध्ये कळले की ती टोल-४ या खुंटाला बसते. हा खुंट खरे तर जंतूंच्या सालीसाठी आहे. निंबावरच्या वेलीला ती किल्ली कशी सापडली असेल, नवल वाटते. २०१६ मध्ये क्षयाच्या जंतूंवर प्रयोग झाला. भक्षक पेशींच्या आत दडून बसलेले जंतू या बहुशर्करेने कमी झाले, उंदरांमध्येही.

या शेवटच्या प्रयोगाची बातमी मोबाईलवर कशी फिरत असेल ते सांगायला नको. आपल्याच कार्यक्षेत्रात एका सभासदाच्या घरी गेलो असता त्यांच्या कर्त्या मुलाने क्षयाच्या सरकारी गोळ्या दोन महिन्यांत सोडून काढा धरल्याचे कळले. खोकला थांबला, भूक लागू लागली. “मंग गोया कायले खाच्या?” असे तो मला म्हणाला. खोकला थांबला तो दोन महिने खाल्लेल्या गोळ्यांनी. साध्या क्षयाचा कोर्स सहसा सहा महिन्यांचा असतो, मध्येच सोडला तर उरलेले जंतू त्या गोळ्यांना दाद देईनासे होतात आणि मग घरातली लेकरेही त्याच जातीच्या जंतूंनी आजारी पडतात. उंदराला मोजून दिलेली शुद्ध बहुशर्करा आणि चुलीवरचा काढा या एक गोष्ट नव्हेत. त्याच्या वडिलांना व मी मिळून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

काचेच्या नळीतले आणि टोचून केलेले प्रयोग पोटातल्या काढ्याला जसेच्या तसे का लागू होत नाहीत, तेही सांगतो. एवढी मोठी साखळी आतड्यातून अखंड रक्तात जात नाही. मोठ्या आतड्यातले जंतू तिचे तुकडे करतात, आणि आतड्याच्या भिंतीत ज्या राखणदार पेशी बसलेल्या आहेत त्यांच्याशी तिची गाठ पडते. काही परिणाम त्या वाटेने होत असावा. केईएमच्या रोग्यांनीही अर्क तोंडानेच घेतला होता. पण तो संपूर्ण अर्क होता. त्यात कडू द्रव्ये होती, आणखी बरेच काही होते. श्रेय एकट्या पॉलिसॅकराइडला देऊन डब्याची किंमत चौपट करणे हा व्यापार झाला. दुसरे असे की टोल-४ हा खुंट जंतूंच्या सालीच्या कणभर अंशानेही हलतो. म्हणून चांगली प्रयोगशाळा आधी सिद्ध करते की आपल्या पदार्थात जंतूंचा अंश नाही. ओलसर पोत्यात बुरशी धरलेल्या गुळवेलीची पूड खाऊन अंगात काही तरी जागे झालेच, तर ते कशाने झाले हे देव जाणे.

जागल्या फार चेकाळला तर घरच्याच गुरांना काठी घालतो, हेही लक्षात ठेवायचे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांकडे कावीळ झालेले सहा रोगी आले. सगळे गुळवेल घेत होते. शरीराच्या स्वतःच्या पेशीच यकृतावर उलटल्याची लक्षणे त्यांच्यात होती. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यावर आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी सांगितले की गुळवेल सुरक्षित आहे, टिनोस्पोरा क्रिस्पाशी गल्लत झाली असावी. मंत्रालयाने २०२० च्या ऑक्टोबरात करोनासाठी जी उपचारपद्धती जाहीर केली होती तिच्यात गुळवेलीची घनवटी होतीच. नंतर २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांतल्या बऱ्याच जणांना यकृताचा जुना, न कळलेला विकार होता. वाद चालू राहो. लाखो लोकांनी काढा प्याला आणि थोड्यांना त्रास झाला, हे दोन्ही खरे धरून चालावे असे माझे मत आहे. संधिवाताभ, ल्युपस, सोरायसिस असे आपलेच शरीर आपल्यावर उलटण्याचे विकार ज्यांना आहेत, यकृताचा आजार होऊन गेला आहे, किडनी बदललेली आहे, त्यांनी गुळवेलीच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगूनच घ्यावी, कारण वेलीने साखर उतरू शकते. घेत असताना डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना गेली, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी बंद करून रक्त तपासावे.

घरी ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी थोडे. बहुशर्करा गरम पाण्यात उतरते, अल्कोहोलात उतरत नाही, हे रसाच्या गढुळपणावरून आपण पाहिले. म्हणून ठेचलेल्या ताज्या खोडाच्या काढ्यात ती येते, दारूत काढलेल्या अर्कात ती जवळजवळ नसते. मग बाटलीवर काहीही छापलेले असो. गुळवेलीचे सत्त्व निराळे. खोडाची साल खरवडून, ठेचून, रात्रभर पाण्यात ठेवून, पिळून गाळले आणि पाणी निवू दिले की तळाशी पांढरा साका बसतो, तो वाळवला की सत्त्व. तो बव्हंशी स्टार्च आहे, म्हणजे बहुशर्कराच, पण ज्वारीच्या पिठातल्या जातीची. पाण्यात विरघळलेली फांद्यांची साखळी आणि कडू द्रव्ये वरच्या पाण्याबरोबर बरीचशी फेकली जातात. बंडीभर वेलीतून सत्त्व निघते फार थोडे, म्हणून बाजारात स्वस्तात मिळणारे शुभ्र सत्त्व दिसले की मला मक्याच्या पिठाची आठवण होते.

राहिला लागवडीचा प्रश्न. काही एजंट विश्रोळीच्या पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावरची ओलिताची जमीन हेरून फिरत आहेत. गुळवेल लावा, रोपे आमची घ्या, माल आम्हीच उचलू, असे सांगतात. २००० नंतर सफेद मुसळीची जी लाट आपल्या भागात आली ती आठवा. तिच्या कंदातही बहुशर्कराच होती आणि बेणे विकणारेच तेवढे कमावून गेले. गुळवेलीला रोपे विकत घ्यायची गरजच नाही. बोटाएवढ्या जाड खोडाचे दोन डोळ्यांचे तुकडे पावसाळ्याच्या तोंडी कुंपणाच्या कडेला खोचले की लागतात. वेल अंगठ्याएवढी झाली म्हणजे जमिनीपासून हातभर वर कापा, बूड राखा, ते पुन्हा फुटते. संत्र्याच्या झाडावर मात्र तिला चढू देऊ नका, शेंड्यावर पसरून ती ऊन अडवते. उसाचे किंवा संत्र्याचे वावर मोडून तिची लागवड करणाऱ्याने आधी खरेदीचा करार स्टॅम्पपेपरवर, भाव आणि उचलण्याची तारीख घालून मागावा. रोपांचे पैसे त्यानंतर द्यावेत. असा कागद कुणाच्या हाती पडला तर गट कार्यालयात आणून दाखवा, सहीपूर्वी आपण मिळून वाचू.